गॅस बंद केला का?

९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (साष्टांग घालायला खोलीत जागा नाही, तेव्हा उभ्यानंच घालतेय. चालवून घे.)

पत्र मुद्दाम तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकतेय. फोनवर काही बोलायला जावं तर आई स्पीकर लावून बसते. तेव्हा आजपासून असं ठरवू : फोनवर सांगेन ते आईचं, इथे लिहीन ते तुझं.

तर ऐक. जिचं मी आईला एवढं वर्णन करून सांगितलं ती खोली नाहीच, खोलीचा तुकडा आहे. मधे प्लायवूड ठोकून एकीच्या दोन केल्यात. खिडकी पलीकडच्या नर्सबाईच्या वाट्याला गेली आणि पंखा माझ्या. पण पंख्याचं बटण तिच्याकडे. ती कुशीवर वळली की माझी खाट हलते. या वैभवापायी माझा निम्मा पगार जातो. कामाच्या जवळ घरं पाहिली नाहीत असं नाही. सगळीकडे पहिला प्रश्न नवरा कुठंय, दुसरा भाऊ कुठंय. एका घरमालकिणीनं तर तोंडावर सांगितलं, की एकटी मुलगी नको, कुत्रं असेल तर चालेल. शेवटी हे बायकांचं वसतिगृहच पदरात पडलं.

मी हॉटेलात काउंटरवर आहे हे खोटं नाही. फक्त कसल्या काउंटरवर ते आईला कळू देऊ नकोस. तळघरात कानठळ्या बसतील अशी गाणी लावून लोक नाचतात, आणि दाराशी एका खिडकीत बसून मी त्यांचे कोट, पिशव्या, हेल्मेटं ठेवून घेते आणि नंबरचा बिल्ला देते. येताना सगळे मॅडम म्हणतात. जाताना काय म्हणतात ते लिहीत नाही. त्यांच्या एका ग्लासाच्या पैशात माझा आठवडा निघेल. पण एक सांगू? हसू नकोस. या थंडीत कोट हातात येतात ते अजून गरम असतात. ते घेताना बरं वाटतं. या शहरात दिवसभर दुसरं कोणी हाताला लागत नाही गं.

काम सुटलं की हॉटेलची गाडी मोठ्या रस्त्यापर्यंत सोडते. आतल्या गल्लीत ड्रायव्हर येत नाही, आणि रोज रिक्षा करायची तर कमाई तिच्यातच जायची. वसतिगृहाचं पुढचं दार दहाला बंद होतं, म्हणून मला मागच्या दाराची किल्ली दिलीय. ते दार गल्लीच्या पार टोकाला. शटरं पडलेली दुकानं, आणि दिवा एकच, तोही मनात आलं तर लागणारा. आजवर भांडी घासणाऱ्या मावशी सोबत असायच्या, त्या सोमवारपासून दिवसपाळीला गेल्या. आता मी एकटीच. भीती वाटते, ताई. तुला नाही सांगणार तर कुणाला सांगू?

आईला माझं सगळं छान चाललंय. तू मात्र माया पातळ करू नकोस.

तुझी
भिंगरी


१७ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ., आणि कानाखाली एक, ती भेटल्यावर.

पत्र शाळेच्या ऑफिसातच उघडलं. समोर दाखला न्यायला पालक उभे, आणि मी मुलाच्या नावापुढे जन्मतारखेऐवजी तुझी गल्ली लिहिते की काय अशी अवस्था.

परत ये म्हणणार नाही. येऊन काय करशील हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? माझ्यासारखी खिडकीत बसशील, दाखले देशील, आणि येणारा-जाणारा विचारेल, हिचंही अजून जमलं नाही का? आपल्या घरातली एक तरी बाहेर पडली. तू तिथेच राहा. पण शहाण्यासारखी राहा.

मी विचार केलाय. गाडीतून उतरलीस की मला फोन लावायचा आणि दाराला किल्ली लावेपर्यंत बोलत राहायचं. कितीही वाजलेले असोत, फोन माझ्या उशाशी असेल. आणि कुणी मागे लागलंय असं वाटलं, तर तसं बोलायचं नाही. तू घाबरलीस हे त्याला कळलं की तो शेफारणार. तेव्हा एक खुणेचं वाक्य हवं. तोंडात इतकं बसलेलं, की घाबरून बोबडी वळली तरी आपोआप बाहेर पडेल. ‘गॅस बंद केला का?’ हेच घे. आपल्या घरात जन्मलेलं मूल आधी हे बोलतं, मग आई म्हणतं. लग्नाला निघालेलं सगळं घर आईनं बसमधून उतरवून परत आणलं होतं आठवतंय ना? आणि गॅस बंदच होता!

तू हे वाक्य म्हणालीस की मी समजेन. मग तू स्पीकर लाव, आणि मी इकडून बोंब ठोकते, की दादा खाली उतरलाय, कुत्र्याला घेऊन दारातच उभा आहे. दादा नाही नि कुत्रंही नाही, पण त्या मेल्याला काय माहीत?

आईला यातलं अवाक्षर सांगायचं नाही. तिला कळलं तर ती रात्र-रात्र डोळ्याला डोळा लावणार नाही आणि मलाही लावू देणार नाही.

जपून राहा. आणि मी रागावते त्यातच माझा लोभ ओळखत जा.

तुझी
ताई


६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अगं, तू शाळेत काय करतेस? तुझी जागा नाटकात आहे! परवा दोघं जण मोठ्या रस्त्यापासून मागे होते. मी थांबले की थांबायचे, चालले की चालायचे. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती, पण ते वाक्य मात्र बरोबर बाहेर पडलं. आणि मग तू जी सुरू झालीस! दादाला हाक काय, साखळी सोडू नकोस काय, आणि मधेच ते भुंकणं. ताई, ते भुंकणं तूच होतीस ना? दोघंही रस्ता ओलांडून पलीकडे गेले. मी आत येऊन जिन्यावर बसले आणि आधी हसले, मग रडले. सकाळी नर्सबाईनं विचारलं, की भाऊ आलाय का तुझा?

मी खरं काय ते सांगितलं तशी ती हसली, आणि आम्ही पहिल्यांदा नीट बोललो. तीही एकटीच. म्हणाली, की इथे पगार वाढला की भाडं वाढतं आणि आपण होतो तिथेच. गेल्या वर्षी तिनं कानातले विकून कामाजवळ खोली घेतली होती. तिथला शेजारी रोज दार वाजवायचा. पुन्हा इथे आली. स्वस्तात राहायचं तर रस्त्याला भ्यायचं, आणि महागात राहायचं तर शेजाऱ्याला, असं म्हणून ती ड्यूटीवर गेली. दिवसभर ते डोक्यातून जाईना.

पण तू आहेस. त्या गल्लीत तुझा झोपेतला आवाज कानाशी असतो ना, तेव्हा मला चालता येतं. तुझी झोपमोड होते याचं वाईट वाटतं. उन्हाळ्यात दुपारच्या पाळीचं बघते. तोवर असाच धीर देत जा.

तुझी
भिंगरी


२३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

परवा माझी अक्कलदाढ काढली. डॉक्टरांनी गोळी दिली होती. मी आईला म्हटलं, की भिंगरीचा फोन येईल, मला उठव. एवढंच म्हटलं. दाढेबरोबर अक्कलही काढून घेतली माझी त्या डॉक्टरनं.

काल सकाळी उठले तर आई चहा घेऊन हजर, आणि चेहरा असा फुललेला. सांगायला लागली, की ताई, आपली पोरगी सुधारली हो. रात्री एवढ्या लांबून फोन केला आणि काय विचारावं तिनं? गॅस बंद केला का म्हणून! मी म्हटलं, मग तू काय केलंस? तर म्हणाली, की काय केलं म्हणजे, गेले ना स्वयंपाकघरात बघायला.

मला पुढचं ऐकू आलं नाही. तुझा फोन लावते तो बंद. वसतिगृहात लावला तर तिथल्या देखरेखीच्या बाई म्हणाल्या, की आहे, हाताला लागलंय, कुणाशी बोलायचं नाही म्हणते. आहे म्हणाल्या तेवढ्यावर मी आज उभी आहे. शाळेतून तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तू आली नाहीस.

माझ्यावर रागाव, शिव्या दे, पण लिही. दोन ओळी लिही. मी रजा टाकून निघते, नुसतं ये म्हण. आई शेजारणीला बोलावून तुझं कौतुक सांगतेय आणि मी इथे बसून मान डोलावतेय. जीव जातोय माझा.

लवकर लिही गं. 

ताई


३ मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

उजव्या हाताला प्लास्टर आहे. नर्सबाई लिहून घेतेय. ती चांगली आहे, तिच्यासमोर सगळं सांगता येतं.

एकच माणूस होता. शटरांच्या बाजूनं येत होता. मी तुला फोन लावला आणि तुझा आवाज यायच्या आधीच ते वाक्य बोलून गेले. स्पीकरही लावला. पलीकडून आई म्हणाली, थांब हं, बघते. मग फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, आणि तिच्या चपलांचा, लांब जाणारा. मी आई, आई म्हणत राहिले. तोपर्यंत तो अंतर राखून होता. फोनमधून कुणी बोलत नाही हे माझ्याबरोबर त्यालाही ऐकू आलं.

त्यानं मला एका दुकानाच्या पायरीवर ओढलं. मी पडले, मनगट मोडलं. पुढचं फार नाही, ताई, खरंच नाही. जेवढं झालं तेवढं झालं. दुधाची गाडी वळली आणि तिचे दिवे आमच्यावर पडले. तो माझा फोन घेऊन पळाला. फोन तेव्हाही चालूच होता. आई परत आली की नाही, मला माहीत नाही.

चौकीत विचारलं, की एवढ्या रात्री एकटी काय करत होतीस? मी म्हटलं, घरी जात होते. त्यांना ते पटलं नाही. वसतिगृहाच्या बाईंनी मागच्या दाराची किल्ली काढून घेतली, त्यांना जबाबदारी नको. किल्ली गेली म्हणजे काम गेलंच. हात बरा झाला की नर्सबाई तिच्या दवाखान्यात विचारणार आहे.

तू येऊ नकोस. तू आलीस की आई विचारेल, का गेलीस. मलाही घरी बोलावू नकोस. मला यावंसं वाटतं, फार वाटतं. पण घरी आले तर आई दिवसातून दहा वेळा गॅसचं विचारेल. काल इथे स्वयंपाकघरात कुणीतरी कुणाला तेच विचारलं आणि मी ताट तसंच टाकून खोलीत निघून आले. आपण दोघींनी सगळ्याचा विचार केला, त्याचा, रस्त्याचा, नसलेल्या कुत्र्याचा. आईचा नाही केला. तिची काही चूक नाही. तिला जे विचारलं ते तिनं केलं.

तिला कधीच सांगायचं नाही. माझी शपथ. फोन पाण्यात पडला म्हणून सांग, आणि जिन्यात घसरले म्हण. तिचा आवाज ऐकायचं बळ मला अजून नाही. ते आलं की मी आपणहून फोन करीन.

तुझ्यावर राग नाही. तूही स्वतःवर धरू नकोस.

भिंगरी


१२ मार्च

चि. भिंगरीस,
आईचे पोटभर आशीर्वाद.

पत्र लिहायची सवय गेली आहे, अक्षर लावून घे. ताई म्हणते, की फोन पाण्यात पडला आणि तूही जिन्यात पडलीस. लहानपणापासून धांदरट ती धांदरटच. हात दुखत असेल तर उशीवर ठेवून झोप. ताईचं काही खरं नाही. दाढ काढून इतके दिवस झाले तरी जेवताना डोळ्यांत पाणी येतं तिच्या. फोनलाही हात लावू देत नाही मला. म्हणून म्हटलं, आपण सरळ पत्रच टाकावं.

तुला एक सांगायचं होतं. तू त्या रात्री गॅसचं विचारलंस ना, मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. जन्मभर तुम्ही दोघींनी माझी टिंगल केलीत. वाटायचं, की पोरी शिकल्या, कमावत्या झाल्या, आता आपल्या बोलण्याची कुणाला किंमत. आणि तू तिथे एकटी, एवढ्या मोठ्या शहरात, रात्रीची घरी जाताना तुला आपलं घर आठवलं. मी नुसतं हो म्हणून वेळ मारून नेली नाही हो. उठून गेले, बटण बघितलं, मग वाकून सिलिंडरची चावी बघितली. गुडघ्यांमुळे उठायला वेळ लागला जरा. मला वाटलं, की एव्हाना तू ठेवून दिला असशील. पण तू आपली धरूनच होतीस. धाप लागली होती तुला, जिना चढत असशील. मी म्हटलं, बंद आहे गं राणी, काही काळजी करू नकोस, आता निवांत झोप, देव तुझं भलं करो. तू नुसतं हं म्हणालीस आणि ठेवलास.

आवाज मात्र पार बसला होता तुझा. इतका घोगरा, की क्षणभर मला कुणी पुरुषमाणूसच वाटलं. तेव्हाच बोलणार होते. रात्रीची बाहेर पडतेस तर कान बांधत जा, आणि मिठाच्या गरम पाण्यानं गुळण्या कर. नवा फोन घेतलास की आधी मला कर, ताईला नंतर. आठवण आहेच, ती वाढती असू दे.

तुझी
आई