इंजिन हळू झाल्यावर

१२ नोव्हेंबर
ऋतुजा पुण्याहून आली. बॅग टाकली नि थेट शेडमध्ये. बोरीच्या शेतातलं यांचं दोन सीटचं जुनं विमान. हे गेल्यापासून, दोन वर्षं, उडालेलं नाही. लेक म्हणते, "आई, मी उडवणार. पण आधी बाबांचा जनरेटर काढायचा. अल्टरनेटर बसवू."
जेवण गेलं नाही.

१४ नोव्हें.
नांदेडहून इंजिनिअर देशमुख आले. बापलेकीचा जुनाच वाद, आता एकटीच भांडतेय. दोन्हींचं काम बॅटरी चार्ज करायचं; पण अल्टरनेटर हलका, इंजिन संथ असतानाही चार्जिंग देतो. जनरेटरला इंजिन जोरात फिरायला लागतं. यांचं म्हणणं, "बॅटरी पार मेली तर तुझा अल्टरनेटर उठत नाही. माझा उठतो. त्याच्यात थोडं चुंबकत्व उरलेलं असतं."
उरलेलं. हा शब्द दिवसभर डोक्यात.

१५ नोव्हें.
लिहूनच टाकते. हे गेले त्या दिवशी मी शेडमध्ये रेडिओजवळ. हे म्हणाले, "उतरायलोय. चहा टाक." मग खरखर, मग काहीच नाही. उतरताना इंजिन हळू होतं, जनरेटर थांबतो, जुनी बॅटरी मान टाकते, रेडिओ मुका. नेहमीचंच. चहा टाकला.
धावपट्टीच्या कडेला मेंढ्या चारणारा रखमाजी पळत आला. "बाई, इमान उतरलं, पंखा फिरायलाय, पर सायेब उतरंनात."
हृदय बंद पडलं होतं. चाकं मात्र अलगद टेकवलेली.
मधल्या वेळात, रेडिओ मुका असताना, मला हाक मारली असेल का?

१९ नोव्हें.
जनरेटर काढण्याआधी एकदा चालवून बघा म्हटलं. इंजिन हळू केलं. चार्जिंगचा काटा शून्याखाली गेला, पण रेडिओ चालूच. ऋतुजाचा आवाज स्वच्छ. मग त्या दिवशीही चालू असेल?
देशमुख म्हणाले, "ताई, ही बॅटरी नवी आहे. जुनी असती तर कळलं असतं."
जुनी कधीच भंगारात गेली.

२ डिसें.
अल्टरनेटर बसला. जनरेटर कोपऱ्यात, पोत्यावर. त्या बाजूला जाववत नाही.

९ डिसें.
परवानगी आली. आज उडाली.
मी रेडिओ कानाशी धरून. वरून सगळं सांगत होती, जिंतूरचा रस्ता, कापसाची रानं. "आई, उतरायलेय." इंजिनाचा आवाज उतरला. मग गप्प.
"ऋतू? ऋतू, बोल!"
काही नाही. चाकं टेकली. मी पळतच सुटले, चप्पल कुठे गेली कोण जाणे. रखमाजी मागून "बाई, दमानं!"
दार उघडून हसतेय. "अगं, रेडिओ चालू होता. तू ओरडायलीस, सगळं ऐकू आलं. उतरताना बोलू कशी? सगळं ध्यान जमिनीकडे असतं."
मग हसू गेलं. "बाबा बोलायचे का गं उतरताना?"
आठवून बघतेय. यांचं ते गप्प होणं इतकी वर्षं जनरेटरवरच ढकललं. पण एरवी तरी हे उतरताना कधी बोलले?