समुद्राला घातलेली हाळी

॥ बिरोबा प्रसन्न ॥
अंदमान

चि. बिरदेवास थोरल्या भावाचा आशीर्वाद.

मी आन् तुझी वहिनी खुशाल हाय. नात स्वप्नाली हौसेनं समुद्र दाखवतेय.

काल स्वप्नाली पाठीला हवेची टाकी बांधून पाण्याखालचे मासे बघायला बोटीनं गेली, आन् मागनं वादळ उठलं. पावसात बोट दिसंना. बोटवाल्याचा फोन लागंना. मग मी कानावर हात ठेवून, चुकल्या मेंढरांना आपण घालायचो तीच हाळी घातली. लोक येड्यागत बघाय लागले. मी थांबलो न्हाई. घसा पार बसला, तवा कुठं पावसातनं पोरीची हाळी उलटून आली, आन् तिच्यामागनं बोट दिसली.

तिकडं पाऊस हाय का? मेंढरं उघड्यावर ठेवू नकोस.

पोरीच्या आईला एवढंच सांग, आबांचा घसा गार पाण्यानं बसलाय.

तुझाच,
भैरू