पातेलं गेलं, पण ॲल्युमिनियम आहे

गोर्नी द्रेन, वाल्येवोजवळ
३ जून १९७४

प्रिय देसांकाताईस,

तुझ्या धाकट्या रादोयकाचा, सोड्याने सोलवटलेल्या दोन्ही हातांनी नमस्कार. तिकडे ऑस्ट्रियात, लिंट्समध्ये तू, भावजी, भावजींचा गुडघा आणि तुमचं ते नवीन कपडे धुवायचं मशीन, सगळी ठणठणीत असाल असं धरून चालते. इकडे आम्ही बरे आहोत. सासूबाई ब्याऐंशीच्या झाल्या, पण ऐकायला त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं (विशेषतः मी दुसऱ्या खोलीत असले की). आमचा नवरोबा झिवोराद आलुबुखाराच्या झाडांना चुना लावतोय आणि यंदा पीक कसं येणार यावर रोज वेगळं भाकीत करतोय. तू पाठवलेलं पातेलं कसं आहे, असं तू मागच्या दोन्ही पत्रांत विचारलंस. ताई, ॲल्युमिनियम सुखरूप आहे. पातेल्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

तुला माहीतच आहे, गेल्या पानगळीत नियम निघाला की शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य म्हणून जी बाई राहील तिच्याकडे आठवी पासचा दाखला हवा. अठरा वर्षं मी त्या शाळेत घेवड्याचं कालवण करतेय, आणि माझ्याकडे चौथी पास. म्हणून आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी पाच वाजता, मी मोठ्यांच्या वर्गाला जाऊ लागले. पोस्टमन मिलिसाव, जंगलरक्षक, दोन ट्रॅक्टरवाले आणि मी, असे आम्ही पाच जण पहिलीच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसायचो. इतिहास झाला, भूगोल झाला (डॅन्यूब तुझ्या दारावरून वाहत येते हे मी सांगितल्यावर वर्गात माझा भाव वाढला). मग आलं रसायनशास्त्र, आणि त्याच्याबरोबर नेवेनाबाई आल्या. नोवी सादच्या, तेवीस वर्षांच्या, वजन एका चांगल्या कोंबडीपेक्षा थोडं जास्त. बशीत त्यांनी लोखंडाचा कीस आणि पिवळी गंधकाची पूड कालवली, वरून चुंबक फिरवलं. कीस टुणकन उडी मारून चुंबकाला चिकटला. "हे मिश्रण," बाई म्हणाल्या. "एकत्र राहतात, पण ज्याचा तो वेगळा." मग तेच कालवलेलं नळीत घालून तापवलं. आतून असं काही लाल पेटलं की जंगलरक्षकाने टोपी काढली. थंड झाल्यावर काळा खडा निघाला. चुंबक फिरवलं, खडा ढिम्म. लोखंड त्यात आहे, पण लोखंडासारखं वागत नाही. गंधक त्यात आहे, पण पिवळं नाही. हे संयुग. आणि लोखंड नुसतं, गंधक नुसतं, ज्याचे आणखी साधे तुकडे पडत नाहीत ते मूलद्रव्य. ताई, मला त्या रात्री जेवण गेलं नाही. इतकी वर्षं मी दोन वस्तू चुलीवर ठेवून तिसरी उतरवतेय, आणि त्यात काय चाललंय हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!

त्यानंतर मी जरा सुटले, हे मी कबूल करते. घरात दिसेल त्याला मी नाव द्यायला लागले. कोशिंबीर मिश्रण. अंगणातली माती मिश्रण. मीठ संयुग. सासूबाईंचा सोन्याचा दात मूलद्रव्य (म्हणजे जवळजवळ, कारण दातवाल्याने त्यात तांबं किती घातलं असेल ते आपल्याला माहीत आहे). सासूबाईंनी विचारलं, "आणि तू नि मी गं?" मी म्हटलं, आई, तेहेतीस वर्षं एका छताखाली आहोत आणि अजून हातानेसुद्धा वेगळं काढता येईल, आपण मिश्रण. त्यांना ते आवडलं असावं, कारण त्या दिवशी त्यांनी माझ्या सूपमध्ये मीठ कमी आहे असं म्हटलं नाही. पण सेंट जॉर्जच्या दिवशी, आपल्या घरच्या संताच्या सणाला, मी चूक केली. शिजवलेला गहू, साखर आणि अक्रोड कालवून प्रसाद करायचा असतो, तो मी केला, आणि मग एवढंसं बघायला म्हणून अक्रोड परत वेचायला बसले. वेचता येतात, ताई! साखर पाण्यात धुऊन निघते! तेवढ्यात फादर आले, आणि मेणबत्तीसमोर प्रसादाच्या जागी एक अक्रोडाचा ढीग, एक गव्हाचा ढीग आणि एक वाटी गोड पाणी. फादरनी तिन्हींवर वेगवेगळा क्रूस काढला आणि जाताना झिवोरादला बाजूला घेऊन माझी झोप नीट होते का असं विचारलं.

झिवोरादची आणि रसायनशास्त्राची खरी गाठ मात्र त्याच्या आलुबुखाराच्या दारूवरून, त्या राकियावरून पडली. मी जेवताना सहज बोलून गेले की राकिया हे मिश्रण आहे, अल्कोहोल आणि पाणी. ताई, त्याने चमचा खाली ठेवला.

"पाणी?"

मी म्हटलं, निम्म्याहून जास्त.

"माझ्या राकियात? पाणी? कुणी सांगितलं तुला? त्या चिमणीने? माझ्या बापाने ज्या भट्टीवर आलुबुखार गाळला त्या भट्टीवर मी गाळतो, दोनदा गाळतो, आणि नोवी सादहून येऊन कुणी माझ्या घरात मला पाणीवाला म्हणतंय?"

दुसऱ्या दिवशी बाटली कोटात घालून गडी माझ्याबरोबर शाळेत. नेवेनाबाईंनी शांतपणे थोडी राकिया वाटीत ओतली आणि काडी लावली. छान निळी ज्योत आली. झिवोराद सगळ्यांकडे वळून वळून बघत होता, जणू ज्योत त्याची मुलगी आहे आणि आज तिचं लग्न आहे. ज्योत विझली. वाटीत तळाला जे उरलं होतं त्यात बाईंनी पुन्हा काडी लावली, ती चर्र करून विझली. "चाखा, काका," बाई म्हणाल्या. त्याने चाखलं. दोन दिवस तो माझ्याशी, सासूबाईंशी आणि भट्टीशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, म्हणजे मी दर शरद ऋतूत भट्टीवर जे करतो ते मिश्रण वेगळं काढणंच की. मी म्हटलं, तेच. मग त्याने मिशा पुसल्या आणि तेव्हापासून गावात तो स्वतःला बाईंचा सहकारी म्हणवून घेतो.

आता परीक्षा. पेपर झाले, पण रसायनशास्त्र तोंडी, जिल्ह्याचे निरीक्षक येणार, आणि प्रत्येकाने घरून तीन वस्तू आणून दाखवायच्या, एक मूलद्रव्य, एक मिश्रण, एक संयुग, आणि का ते सांगायचं. ताई, मला नुसतं पास व्हायचं नव्हतं. मला असं पास व्हायचं होतं की निरीक्षक जिल्ह्याला जाऊन सांगतील. मिलिसाव घोड्याच्या नालेचा खिळा, माती आणि मीठ आणणार होता. मी ठरवलं, संयुग नुसतं न्यायचं नाही, त्यांच्या डोळ्यांदेखत घडवायचं. डुकराची चरबी आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी, ही आपण घरात दर वर्षी करतो ती गोष्ट, साबण. चरबी गेली, सोडा गेला, उरला साबण, आता घाला चुंबक! आता काढा वेचून!

सासूबाईंचे साबणाचे नियम तुला ठाऊक आहेत. मंगळवारी करायचा नाही. ढवळताना कुणी कौतुक करायचं नाही. लाकडाच्याच दांड्याने ढवळायचा, आणि फक्त काळ्या लोखंडी कढईत. लग्न होऊन आले त्या वर्षी मी दुसरं भांडं काढलं होतं तर त्यांनी माझ्या हातातून ओढून घेतलं होतं. का, असं विचारलं तर "काळ्या कढईत करतात," एवढंच. पण ताई, मी आता विज्ञान शिकलेली बाई! मंगळवार आणि कौतुक आणि काळी कढई मी एकाच टोपलीत घातली आणि टोपली उकिरड्यावर रिकामी केली. शिवाय ती कढई उचलायला दोन माणसं लागतात, आणि शाळा टेकडीवर. तुझं पातेलं कसं हलकं, चकचकीत, आणि बाईंनीच सांगितलेलं, ॲल्युमिनियम हे मूलद्रव्य. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पातेलं हेच मूलद्रव्य, त्यात होणारा साबण हे संयुग, आणि मिश्रणाला झिवोरादची बाटली. (ती त्याने स्वतः आणून दिली. गडी अभिमानाने चालत होता.)

शनिवारी सकाळी शाळेच्या अंगणात तीन विटा मांडून चूल केली. एका बाकावर मुख्याध्यापक, नेवेनाबाई आणि निरीक्षक, जाडे, सिगारेट ओढणारे, चेहऱ्यावर आदल्या दोन गावांचा कंटाळा. भिंतीजवळ खुर्ची टाकून सासूबाई बसल्या होत्या, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. बाईंना बहुतेक वाटलं की पातेल्यात नुसती चरबी वितळेल. मी ॲल्युमिनियमवर छान चार वाक्यं बोलले, निरीक्षकांनी मान हलवली. मग मी पातेल्यात पाणी घेतलं आणि सगळा कॉस्टिक सोडा ओतला.

"रादोयकाताई, नको!" नेवेनाबाई किंचाळल्या, आणि एवढ्याशा शरीरातून एवढा आवाज येतो हे पाहून मुख्याध्यापक उभे राहिले.

पातेलं फसफसायला लागलं. आधी नुसतं कुजबुजल्यासारखं, मग सगळ्या बाजूंनी, राखाडी फेस काठावर, वाफ, आणि असा वास की कोंबड्या रस्त्यापलीकडे गेल्या. निरीक्षकांचा कंटाळा गेला. ते सिगारेटसकट पुढे वाकले. फट् असा आवाज झाला, ताई, फार मोठा नाही, बाटलीचं बूच निघाल्याएवढा, आणि निरीक्षक मागे आले ते डावी भुवई अर्धी घेऊन. मग पातेल्याच्या तळाला एक भोक पडलं, मग दुसरं (मी ते रोज वाळूने घासून घासून पातळ केलं होतं, तुला शोभावं म्हणून), आणि जे काही आत होतं ते चुलीवर सांडून चूल विझली. भिंतीजवळून आवाज आला, "काळ्या कढईत करतात."

मला वाटलं, संपलं. पातेलं गेलं, दाखला गेला, निरीक्षकांची भुवई गेली. डोळ्यांत पाणी आलं. ते नुसतं वाफेने आलं होतं असं मी सांगितलं, पण तुला खोटं कशाला सांगू. तेवढ्यात निरीक्षकांनी भुवई चाचपत विचारलं, "कॉम्रेड, हे काय झालं ते सांगता येईल?"

आणि ताई, मला दिसलं. चुलीवर सांडलेल्या त्या राखाडी घाणीकडे बघता बघता मला लोखंड आणि गंधकाचा तो काळा खडा दिसला. मी म्हटलं, कॉम्रेड, ॲल्युमिनियम मूलद्रव्य आहे. ते संपलेलं नाही, ते संपत नाही. ते सोड्याशी आणि पाण्याशी जोडलं गेलं आणि त्याचं संयुग झालं, म्हणून आता ते चकाकत नाही आणि पातेल्यासारखं वागत नाही. पाण्यातला हायड्रोजन सुटला, तो तुमच्या सिगारेटने पेटवला. हे मिश्रण असतं तर मी गाळून, वेचून, उकळून ॲल्युमिनियम परत काढलं असतं. आता त्याला चूल पुरणार नाही, कारखाना लागेल. आणि लोखंडाला सोडा असं खात नाही, म्हणून काळी कढई. हे शेवटचं वाक्य तोंडातून निघालं तेव्हा मला स्वतःला कळलं की मला ते कळलंय.

निरीक्षकांनी सिगारेट विझवली. मग त्यांनी बाटलीकडे बोट दाखवून विचारलं की मिश्रणाची तपासणी राहिली आहे का. तपासणी सगळ्यांनी मिळून केली. मला पाचपैकी चार गुण मिळाले (एक भुवईचा कापला, असं मुख्याध्यापक म्हणतात). नेवेनाबाईंनी माझ्या गळ्यात पडून आधी रडून घेतलं आणि मग सोडा कधीही कशातही ओतण्याआधी विचारायचं अशी शपथ घातली. सासूबाईंनी निरीक्षकांना विचारलं, "मग मी पास ना?" त्यांना कुणी गुण दिले नाहीत, पण घरी येताना त्यांनी माझा हात धरला, आणि चढ नव्हता, ताई, उतार होता, दम लागायचं कारणच नव्हतं.

तर असं आहे. पातेल्याचे दोन कान आणि काठाचं अर्धं कडं मी जपून ठेवलं आहे. भावजींना नमस्कार सांग.

तुझी,
रादोयका

ता. क. नवं पातेलं पाठवू नकोस. मी एवढं लिहिलं ते पातेल्यासाठी नाही.

ता. क. आणखी एक, आणि हे वाचून पत्र जाळ. ज्यांना पन्नाशी उलटली त्यांना दाखल्याची गरज नाही, असं पत्रक फेब्रुवारीतच आलं होतं. मुख्याध्यापकांनी ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "रादोयका, सुटलीस." मी आभार मानले, पत्रक पिठाच्या डब्यात तळाला सारलं, आणि त्यांना हात जोडले की कुणाला बोलू नका. नोकरी माझी होतीच. पण नोकरीचं नाव नसतं तर आठवड्यातून तीन संध्याकाळी मला घरातून कोण सोडणार होतं? मी दहा वर्षांची असताना मास्तर बाबांना सांगायला आले होते की हिला तालुक्याच्या शाळेत पाठवा. तू कोंबडी सोलत होतीस, तुला आठवत असेल. बाबा हसले, आणि मग मास्तरही थोडे हसले. मी तक्रार करत नाही. पण निरीक्षकांनी चार हा आकडा लिहिला तेव्हा मी तो उलटा, सुलटा, दोन्हीकडून वाचला.

ता. क. आता खरं काम. वाल्येवोला सप्टेंबरपासून मोठ्यांसाठी संध्याकाळचं माध्यमिक सुरू होतंय. त्यात पूर्ण रसायनशास्त्र आहे. तू झिवोरादला एक पत्र लिही, तुझ्या अक्षरात, की ऑस्ट्रियात आता शाळेच्या स्वयंपाकिणीला माध्यमिक सक्तीचं झालंय आणि हे वारं आपल्याकडेही येणार. ऑस्ट्रियाचा शिक्का असला की तो काहीही खरं मानतो. अभ्यास चार वर्षांचा आहे. तू दोनच वर्षं लिही. उरलेल्या दोनांचं मी बघते.