सागाचा पांढरा काठ

प्रिय धाकल्या,

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून पत्र फाडावंसं वाटेल. फाड, पण वाचून फाड.

बाबा गेले. शेवटी शेवटी त्यांना दिसत नव्हतं. मी लाकडाचे तुकडे हातात द्यायचो. अंगठा फिरवून, नखाने खरवडून, हुंगून ते सांगायचे, "हा साग. तेलकट लागतो, चामड्यासारखा वास येतो. हा दुसराच, सागाचं सोंग घेतलेला." एकदाही चुकले नाहीत. मग विचारायचे, "धाकटा सध्या काय घडवतोय?" तू रंध्याला हातही लावत नाहीस, गोदामात खोकी उचलतोस, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

तुझ्यासारखे सांधे आपल्या दुकानात कुणाचेच नव्हते. साग तेलकट, सरस धरत नाही, म्हणून तू प्रत्येक खाच स्पिरिटच्या फडक्याने पुसायचास. 'नवरीचं तोंड पुसतोय' म्हणून मी चिडवायचो. शिंपीणकाकूंच्या गॅलरीचा कठडाही तू तसाच जोडलास. फक्त वरची दांडी हातात घेऊन थबकलास. "दादा, हा पांढरा काठ आहे ना?" मी म्हणालो, "काही होत नाही, जोड."

सागाच्या गाभ्याला कीड लागत नाही, सालीलगतच्या पांढऱ्या काठाला लागते. हे मला बोलता येण्याआधीपासून माहीत. पण गाभ्याचा साग यायला आठ दिवस होते आणि मी काकूंना दुसऱ्या दिवसाचा शब्द देऊन बसलो होतो. रंग चोळून मी काठाचा गाभा केला.

तीन वर्षांनी काकू चादर झटकताना कठडा मोडला. दुसऱ्या मजल्यावरून थेट फरशीवर, काकू जागीच गेल्या. सांधा निसटला, असंच सगळे म्हणाले. काकूंची मुलगी दुकानात येऊन तुला म्हणाली, "माझ्या आईने तुमचं काय वाकडं केलं होतं?" तू माझ्याकडे पाहिलंस आणि मान खाली घातलीस. तुझ्या वहिनीचे दिवस भरत आले होते, म्हणून गप्प राहिलास, हे मला कळत होतं. मी पटाशीला धार लावत बसलो. महिन्याभरात तू गाव सोडलंस.

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी खाटेखालचं गाठोडं मागितलं. आत त्याच दांडीचा तुटका तुकडा. सांधा शाबूत, त्याच्यापासून हातभर अंतरावर लाकूड मोडलेलं, आत नुसता भुसा. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "एका लेकाला वाचवायला मी दुसरा घालवला."

काल तो तुकडा घेऊन काकूंच्या मुलीकडे गेलो. तिने सगळं उभ्यानेच ऐकलं. "मला कशाला सांगता? पोलिसांना लिहून द्या," एवढंच म्हणाली आणि दार लावलं. आज लिहून दिलं. उद्या सकाळी हजर व्हायचंय. घरी परत कधी येईन, ठाऊक नाही. तुझ्याकडेही ते चौकशीला येतील, म्हणून हे पत्र. काय घडलं ते जसंच्या तसं सांग. या वेळी मला वाचवू नकोस.

म्हणायचा हक्क उरला असेल तर, तुझाच
दादा