भिंत शाळेची, कापड माझं

मी गिरिजाबाई, नवरा लिंगैक्य गुरुलिंग चनबसप्पा उंबरजे, वय वर्षे अठ्ठेचाळीस, राहणार बाळीवेशीजवळ, सोलापूर, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, डोळे शाबूत आहेत, फक्त पोटात गाठ आहे. सोमवारी ती कापून काढणार आहेत. टेबलावरून उठले तर बरंच. नाही उठले तर मागं भांडणं नकोत, म्हणून हे मृत्युपत्र. कुणी धाक घालून किंवा गोड बोलून लिहून घेतलेलं नाही. माझ्याशी गोड बोलायला येतंय कोण?

मजकूर वकिलाचा कारकून सांगणार होता. म्हणाला, "नवऱ्याच्या नावापुढं कैलासवासी लिहितो, बाई." म्हटलं, आमच्यात लिंगैक्य म्हणतात. "बरं. पेशा, ड्रॉइंग मास्तर." म्हटलं, चित्रकार लिहा. तो म्हणाला, "पगार ज्याचा मिळत होता ते लिहायचं असतं." तिथंच कागद त्याच्या हातातून ओढून घेतला. मी कानडी तिसरी शिकलेली. मराठी अक्षरं मास्तरांनी चुलीपुढं कोळशानं गिरवून घेतली. चुका असतील तर वाचणाऱ्यानं गप वाचाव्यात.

कलम एक. राहतं घर, दोन खोल्या आणि पुढचं अंगण, हे माझ्या नावावर आहे. त्यात माझी नणंद चंद्रव्वा हिनं मरेपर्यंत राहावं. तिला कुणी उठवू नये. ती माझ्याशी तीस वर्षं भांडली, पण चिंचोके कुटायला कधी नाही म्हणाली नाही. खलबत्ता, जातं आणि खळ शिजवायचं मोठं पातेलंही तिचंच. पातेल्यात आमटी करू नये, तळाशी मोरचूद मुरलेला आहे. विष आहे ते.

कलम दोन. दीर निंगप्पा, दुधनीत अडतीचं दुकान, याला काही नाही. त्याच्या दुकानाची पाटी मास्तरांनी दोन दिवस उन्हात उभं राहून रंगवली, चहासुद्धा आपल्या गाठीचा प्याले. मग हा आमच्याकडून एक चित्र घेऊन गेला. मला वाटलं भिंतीला लावायला. मिरच्यांच्या पोत्यांवर टाकलं होतं. विचारलं तर म्हणतो, "वैनी, कापड लई झ्याक हाय की. एक थेंब आत गेला न्हाय." पाटी त्याच्याकडं आहे, तोच त्याचा वाटा. मातीला आला नाही तरी चालेल.

कलम तीन. आमच्या गल्लीमागच्या शाळेत, म्हणजे मास्तरांनी एकतीस वर्षं नोकरी केली त्या शाळेत, रिवाज असा की हेडमास्तर रिटायर झाले की त्यांची तसबीर ड्रॉइंग मास्तरानं काढायची. रंग त्याचे, रविवार त्याचे. हेडमास्तर मुकुंदराव यांची तसबीर मास्तरांनी चार रविवार बसून काढली. साहेबांनी बघितली आणि म्हणाले, "नाक जरा कमी करा." मास्तर जन्मात पहिल्यांदा तोंडावर नाही म्हणाले. तेव्हापासून ती आमच्या घरात भिंतीकडं तोंड करून उभी आहे. ती मुकुंदरावांना पोच करावी. नाकासकट.

कलम चार. माळ्यावर कापडावर काढलेली एकेचाळीस चित्रं गुंडाळून ठेवलेली आहेत, आत कडुनिंबाचा पाला आणि तंबाखू घातलेली. ती, मास्तरांचे कुंचले, रंगाची पेटी आणि चंद्रव्वाच्या मागं हे घर, सगळं मास्तरांची विद्यार्थिनी पद्मजा दिगंबर पुजारी हिला. ती आता दुसऱ्या शाळेत ड्रॉइंग शिकवते. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, "काकू, वेळच मिळत नाही हो. पाहुणे आले की रांगोळी मी, सूचनाफलक मी, गॅदरिंगचे पडदे मी."

मी म्हटलं, "मास्तरांना वेळ कोण ताटात वाढून देत होतं?"

ती रडायला लागली. रडू दे. पण खरं तेच आहे. मास्तरांनी बाकड्यांवर आकडे टाकले, मुतारीवर बाण काढले, मुकुंदरावांच्या मुलीच्या लग्नात दारावर हत्ती काढले, सुट्टीत खेड्यापाड्यांच्या भिंतींवर कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण रंगवले. परीक्षा जवळ आली की ड्रॉइंगचा तास गणिताला जायचा. आणि घरी येऊन हा माणूस कंदिलाची काच पुसून चित्राला बसायचा. वारल्यावर शोकसभेत सगळे बोलले, सुंदर अक्षर, मनमिळाऊ स्वभाव, वक्तशीर. चित्रकार होते असं एकाच्या तोंडून निघालं नाही.

तर पद्मजाला अट एवढीच. वर्षाला एक चित्र स्वतःचं काढायचं, आणि कुणाला दाखवायच्या आधी त्यावर आपलं नाव घालायचं. आधी. नंतर घालू म्हणलं की राहतं.

कलम पाच. हे मुख्य. नीट वाचावं.

शाळेच्या हॉलात पूर्वेच्या भिंतीवर मास्तरांनी बावीस फूट लांब चित्र काढलं होतं. सहासष्ट आणि सदुसष्ट, दोन उन्हाळी सुट्ट्या गेल्या. चित्र पाजणीचं. सकाळी विणकरांच्या गल्लीत सूत ताणून धरतात, त्याला खळ लावून ब्रशनं विंचरतात, ते. माणसं खरी काढलेली. शाळेत पोरं त्याच गल्लीतली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा एक पोरगी चित्राला हात लावून ओरडली, "हा माझा बा हाय!" मग सगळीच आपापले आईबाप शोधायला लागली. मास्तर त्या दिवशी घरी आले ते जेवलेच नाहीत. भूकच नाही म्हणाले.

ते चित्र भिंतीवर नाही. हे मी, मास्तर आणि शिपाई शरणप्पा सोडून कुणाला ठाऊक नाही. भिंतीला ओल होती, लोणा सुटत होता, रंग धरला नसता. म्हणून मी कापडाचे नऊ पट्टे जोडले आणि ते भिंतीला चिकटवले. कापड माझ्या भावाचं, त्याला मिलमध्ये कामगार म्हणून मिळायचं, ते त्यानं मला माहेरचं म्हणून दिलं. चित्रकार लोक कापडाला सरस लावतात. सरस कातड्याचा. गळ्यात लिंग असलेल्या घरात तो कसा शिजवणार? शेजारच्या गोदावरीनं मला चिंचोक्याची खळ शिकवली, सुताला लावतात तीच. चिंचोके भाजायचे, सोलायचे, भिजवायचे, वाटून शिजवायचे आणि शेवटी मोरचूद घालायचा, म्हणजे कसर लागत नाही. मास्तरांची सगळी चित्रं त्या खळीवर उभी आहेत.

त्र्याहत्तर साली शाळेचा समारंभ निघाला. मुकुंदराव म्हणाले, मोठी माणसं येणार, त्यांनी काय उघड्या अंगाचे विणकर बघायचे? शनिवारी दुपारी चुना मारला. मास्तर सोमवारी शाळेत गेले तर भिंत पांढरी. वर साहेब म्हणतात, "मास्तर, देणगीदारांची नावं इथं लिहायचीत. तुमच्याएवढं सुंदर अक्षर कुणाचंय?"

आणि मास्तरांनी लिहिली. तीन दिवस शिडीवर उभं राहून. मी घरात भांडी आपटली. म्हटलं, "लाज वाटली न्हाय तुमाला? आपल्याच चित्रावर?"

मास्तर म्हणाले, "गिरजा, रंग डिंकात कालवलाय. तेलात न्हाय."

"मग?"

"मग काय? वाढ."

मला तेव्हा काही समजलं नाही. पंच्याहत्तरला ते वर्गात फळ्यावर पेरू काढता काढता पडले आणि गेले. शोकसभा त्याच हॉलात झाली. बोलणारे बोलत होते आणि मी त्यांच्या पाठीमागच्या नावांकडं बघत होते. खाली, हात लागतो तिथं, पोरांच्या ओल्या हातांनी एक आडनाव पुसून गेलं होतं आणि चुन्याचा पोपडा निघून आतून निळं दिसत होतं. सुताचं निळं. चित्र तेलरंगातलं, आणि चुना तेलरंगावर बसत नसतो; डिंकातली होती ती वरची नावं. तेव्हा समजलं माणसानं काय करून ठेवलंय ते.

म्हणून लिहून ठेवते की भिंत शाळेची, चुना शाळेचा, नावं देणगीदारांची. कापड माझं. माझं कापड मी पद्मजाला देते. शाळेनं आपली भिंत सुखानं ठेवून घ्यावी.

धुवायची रीत. पितळ घासायला लागते तीच चिंच कोमट पाण्यात कोळून गाळून घ्यावी. मऊ फडकं, हात हलका. नावं आधी जातील, मग चुना सुटेल. लगेच साध्या पाण्यानं पुसावं. घासू नये. सुरुवात उजवीकडून करावी. डावा खालचा कोपरा शेवटी.

कलम सहा. डावा कोपरा शेवटी का, ते इथं लिहिते. आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

चित्रावर नाव घालायला मुकुंदरावांनी मनाई केली होती. म्हणाले, "शाळेच्या भिंतीवर नोकराचं नाव शोभत नाही. शाळेतर्फे, बास." मास्तरांनी तरी घातलं. डाव्या कोपऱ्यात खळीचं मडकं काढलंय, त्याच्या बुडाशी, करंगळीएवढ्या अक्षरात. एवढीच त्यांची सगळ्या जन्मातली शिरजोरी.

तो पट्टा नववा, शेवटचा. आठ-दहा दिवसांत शाळा उघडणार होती. मास्तर म्हणत होते, सावकाश कर. मी सावकाश कधी केलंय? खळ उतरवली, लावली, कापड चिकटवलं, घरी आले आणि पदर सोडला तर मोरचुदाची पुडी पदरात तशीच बांधलेली. घालायचीच राहिली होती. परत जाऊन सांगायला पाहिजे होतं. रंग अजून चढायचे होते, पट्टा काढता आला असता. मला त्यांच्यासमोर चूक कबूल करायची नव्हती. पुडी मी डब्यात ठेवून दिली.

आता त्या कोपऱ्यात कसर लागली असेल तर मुकुंदरावांनी वरून पुसलं आणि मी आतून खाल्लं, असा हिशोब होतो. मी सगळ्यांना नावं ठेवली या कागदात. माझंही येऊ दे.

पद्मजा, कोपरा धुतल्यावर नाव दिसलं तर हात लावू नकोस, आहे तेवढंच बरं. नाही दिसलं तर तू लिहायचं. करंगळीएवढं नाही. देणगीदारांची होती तेवढं, वीतभर उंच. चित्रकार गुरुलिंग उंबरजे. तेलात कालवून.

सोमवारी मी वाचले तर हा कागद फाडून टाकीन आणि बादली घेऊन स्वतः जाईन.

हे सगळं मी माझ्या हातानं लिहून, पुन्हा वाचून, खालील दोघांसमोर सही केली आहे. पद्मजा आणि चंद्रव्वा यांना वाटा आहे म्हणून त्यांची साक्ष घेतलेली नाही.

सही: गिरिजाबाई गुरुलिंग उंबरजे

साक्षीदार:

१. गोदावरी नारायण बोल्ली, शेजारीण. सही येत नाही, डाव्या हाताचा अंगठा. हिचा नवरा चित्रात उजवीकडून तिसरा, हातात ब्रश.

२. शरणप्पा रेवणसिद्ध कोळी, शाळेचे शिपाई. सही केली. हॉलची किल्ली यांच्याकडं असते.

ठिकाण सोलापूर. शनिवार, ११ फेब्रुवारी १९७८.