शंभरच्या जागी अडतीस

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
अतिशीत चुंबक प्रयोगशाळा, मुंबई.

विषय : चुंबकाच्या उष्णता-गणितात दुरुस्ती करणे व ती होईतो चुंबक चालू न करणे.
संदर्भ : आपले पत्र क्र. ११४, दि. २७ फेब्रुवारी १९६७.

महोदय,

सविनय अर्ज की, आपले संशोधन सहायक दिवंगत धर्मपाल तायडे हे माझे पती. दि. ९ जानेवारीस चुंबकाच्या टाकीतले द्रव हेलियम एकाएकी उकळून त्याचा वायू झाला, खोलीतली हवा त्याने बाहेर ढकलली, आणि ते गुदमरून गेले. चौकशीत दोष झडपेचा ठरला. दोष झडपेचा नाही. माझा आहे.

१. चुंबकाच्या तारेचा तुकडा तापला तर भोवतीचे हेलियम ती उष्णता किती काढून नेईल, यावरून तारेत वीज किती सोडावी ते ठरते. हे गणित पती मला टपालाने धाडत. मी इंटर सायन्स झालेली. लेक शालू झोळीत निजली की सोडवून परत पाठवी. ते तक्त्यात उतरवून घेत व सही करीत.

२. मोजलेले आकडे थोड्या उष्णतेचे होते. पुढची रेघ मी सरळ वाढवली. आम्हा वऱ्हाडच्या माणसांना ते खरेच वाटते. वाळ्याच्या ताटीवर पाणी मारले की झळ जितकी कडक तितका वारा गार. उत्तर निघाले दर चौरस सेंटिमीटरला दोन वॅट, म्हणून शंभर अँपिअर.

३. ते गेल्याची खबर आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांचे पत्र आले. "०.७ वॅटच्या पुढे तार एकदम तापते, मग ०.३ वर आणल्याबिगर थंडच होत नाही. ललिता, असं काहून होत असंल? तूच सांग."

महिन्याने भाकरीचा तवा जास्त तापला. पाणी शिंपडले तर थेंब आटेना. आपल्याच वाफेवर उभा राहून नाचत राहिला, तव्याला शिवेना. हेलियमही तसेच तारेपासून सुटते. सासूबाई म्हणाल्या, "कोनाशी बोलून राहिली वं?" मी पतींना उत्तर सांगत होते.

४. टाकीत हेलियम भरणारे नत्थुजी पतींची पेटी घेऊन आले होते. म्हणाले, "वहिनी, नवी झडप बसवली. वीस मार्चले पुन्हा शंभरावर नेऊन राहिले. साहेबाच्या जागी आता मीच उभा." त्यांना तीन लेकरे आहेत.

५. आपण कळवता की तक्ता मयताच्या सहीचा, सबब फेरफारही त्यांच्याच सहीने होईल. महोदय, रोज दुपारी शालू निजली की मी त्यांचा प्रश्न वाचते आणि उत्तर लिहिते. धाडायला पत्ता तुमचाच उरला आहे. सही तेवढी येत नाही.

तरी ०.३ ही मर्यादा धरावी. उष्णता विजेच्या वर्गाने वाढते, म्हणून शंभरच्या जागी अडतीस लिहावे. सहीच हवी तर त्यांचा प्रश्न सहीच्या ठिकाणी धरावा. तेही नियमात बसत नसेल, तर वीस तारखेला नत्थुजींच्या जागी मला उभे करावे.

उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,
ललिता धर्मपाल तायडे
अकोला, दि. ८ मार्च १९६७

सोबत : १. दुरुस्त तक्ता. (कोपऱ्यातला डाग शालूच्या बोटाचा, आकडा बिघडलेला नाही.)
२. पतींचे मूळ पत्र. पाहून परत करावे. शालूला दाखवायला त्यांचे अक्षर तेवढेच आहे.