बेडीची चाल

भाट्ये, माघ १९३२

प्रिय गुणवंती,

हे पत्र मुंबईला निघालेला आपल्या गावचा भिकाजी तुझ्याच हातात देईल. घरात कुणासमोर उघडू नकोस. अक्षर माझंच आहे. काळ्या पाण्यावर एका कैदी मास्तराने शिकवलं. सुटून आल्याला अकरा वर्षं झाली, पण तुला लिहितोय ते आज पहिल्यांदा. मी आलो तेव्हा तुझी आई नव्हती आणि तुझं लग्न होऊन गेलं होतं. विठूमामा म्हणाला, "पोरीच्या सासरी बापूस समुद्रात बुडाला म्हणून सांगितलंय. आता तू वर येऊ नकोस." मी बुडालेलाच राहिलो.

इथे खाडीच्या तोंडाशी एकटाच जाळी विणतो. भांडणात माझ्या वल्ह्याने माणूस मेला, हे कुणी विसरलेलं नाही. मीही नाही. होडीवर मला कुणी घेत नाही.

दिवाळीनंतर रत्नागिरीतले रावजी मास्तर मला शोधत आले. त्यांची हौशी नाटक मंडळी जुन्या कंपनी सरकारच्या काळातल्या कैद्यांचा खेळ बसवत होती. सगळे कचेरीतले कारकून. मास्तर ओशाळून म्हणाले, "काशीराम, आमच्या लोकांना बेडी घालून चालता येत नाही. दाखवशील?" मी दाखवलं. पाय उचलायचा नाही, ओढायचा. घोट्याला चिंधी बांधायची, साखळी दोरीने कमरेला अडकवायची, नाहीतर कातडं सोलून निघतं. तालीम संपली की ते मला चहा देत आणि शेजारी बसत. माणूस शेजारी बसला की त्याच्या अंगाची ऊब लागते, हे मी विसरूनच गेलो होतो गं.

खेळाच्या दोन दिवस आधी म्हाताऱ्या कैद्याचं काम करणारा तापाने आडवा झाला आणि ते काम माझ्यावर आलं. गलबत सुटताना त्याला देशाविषयी मोठं भाषण होतं. मी पाठ केलं होतं. खेळात लोकांसमोर उभा राहिलो आणि सगळं गेलं. तोंडातून एवढंच निघालं, "पोर निजली काय?" मला नेलं त्या दिवशी तुझ्या आईला मी हेच विचारलं होतं. तू दोन वर्षांची, तिच्या खांद्यावर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी ते भाषण कायमचं काढून टाकलं. दुसऱ्या सकाळी विहिरीवर मात्र टाळ्या वाजवणारेच माझ्याकडे पाठ करून उभे होते.

शिमग्यानंतरच्या रविवारी आमचा खेळ गिरगावात आहे, म्हणून लिहिलं. भिकाजीजवळ दोन तिकिटं दिली आहेत. जावयांना घेऊन ये. जाहिरातीत माझं नाव नाही, तोंडाला रंग असेल. मी तुझा कोण, हे कुणाला कळायचं नाही. खेळ सुटल्यावर भेटायलाही येऊ नकोस. फक्त येऊन बस. बायकांच्या बाजूला मी बघेन, पण त्यातली तू कोणती ते मला ओळखता येणार नाही. म्हणून मी सगळ्यांकडेच बघेन.

तुझाच,
बापूस